कौसाची पैज आणि सरकारी मेंढा

ढोराच्या दवाखान्यात नोकरी करणाऱ्या बाईला रोज सकाळी एकच प्रश्न ऐकावा लागतो, "डॉक्टर कुठं गेले?" सव्वीस वर्षं मी तो ऐकला. सुरुवातीला सांगायची, मीच आहे, बोला. पुढं कंटाळा आला. मग म्हणायची, "येतीलच, बसा," आणि तोवर जनावराचं काम उरकून टाकायची. गाय सोडून निघताना तो माणूस सांगून जायचा, "डॉक्टर आले तर त्यांना म्हणा, बाईनं बराबर केलं."

कागदोपत्री मी डॉक्टर नव्हतेच. पशुधन पर्यवेक्षक. म्हणजे खऱ्या डॉक्टरांकडं चार दवाखान्यांचा भार असल्यामुळं ते आठवड्यातून एकदा यायचे आणि बाकीचे सहा दिवस माझे. शिरड शहापूरच्या पलीकडं एका गावात दोन खोल्यांचा दवाखाना, समोर लिंबाचं झाड, झाडाखाली जनावर अडकवायचा लोखंडी खोडा, आणि एक शिपाई, जो घोड्याला सोडून सगळ्या जनावरांना भ्यायचा. घोडं आमच्याकडं कधी आलं नाही.

लस टोचायची, जखमा धुवायच्या, अडलेली म्हैस मोकळी करायची, गायी भरवायच्या, हे माझं काम. गाय भरवणं म्हणजे ती माजावर आली की तिला नळीनं बीज द्यायचं. त्यासाठी खांद्यापर्यंत हातमोजा घालून हात आत घालावा लागतो. मला त्यात कधी काही वाटलं नाही, पण गावातल्या पुरुषांना फार वाटायचं. मिशीला पीळ देणारे लोक माझ्यासमोर येऊन जमिनीकडं बघत बोलायचे.

"बाई, गाय जरा... हे करून राहिली."

"काय करून राहिली?"

"ओरडून राहिली."

"पोट दुखतंय का?"

"न्हाई, तसं न्हाई. म्हणजे आता तुमाला कसं सांगावं..."

मला कळलेलं असायचं. पण मी सांगू द्यायची नाही. नोकरीत करमणूक थोडीच असते.

अशाच एका सकाळी एक गृहस्थ म्हैस घेऊन अर्धा तास घुटमळत होते. पाठीमागं कोकरू काखेत घेऊन बारा वर्षांची एक पोरगी उभी होती. तिचा धीर सुटला. ती ओरडली, "बाई, म्हैस माजावर हाय त्यांची! बोलाया लाजून राहिलेत. उरका लवकर, माझं पिल्लू मरून जाईल!"

ते गृहस्थ म्हैस तिथंच सोडून झाडामागं गेले. ही कौसा. पूर्ण नाव कौसल्या, पण त्या नावानं तिला शाळेच्या हजेरीतच हाक मारत असावेत. मेंढ्या राखणाऱ्या घरातली. तिच्या वडिलांचा, म्हणजे आबाचा, सव्वाशे मेंढरांचा कळप होता आणि सगळ्या माळावर मेंढ्यांच्या बाबतीत त्याचाच शब्द शेवटचा.

कोकराला फक्त जंत झाले होते. औषध दिलं. तिनं बाटली हातात घेऊन विचारलं, "किती दिवस, किती थेंब, आन उरलं तर काय करू?" एवढे नेमके प्रश्न विचारणारं गिऱ्हाईक मला आधी मिळालं नव्हतं. तेव्हापासून ती शाळा सुटली की दवाखान्यात यायची. लसीकरणाच्या वेळी मेंढ्या पकडून द्यायची. मेंढी पकडणं बाहेरच्या माणसाला सोपं वाटतं. लोकरीला धरलं तर ती दुखावते, पुढून गेलं तर पळते. मागच्या पायाला आकडा घालून अलगद ओढावं लागतं. कौसाचा आकडा कधी चुकायचा नाही.

ती नववीत असताना तिचा गुडघा सुजला. घरच्यांनी धरलं की दगडावर पडली असेल. लेप झाले, शेक झाले. सहा महिन्यांनी नांदेडला नेलं तेव्हा हाडाचा कॅन्सर निघाला आणि पाय मांडीपासून काढावा लागला. गावात सांगितलं, "अपघात झाला." कसला अपघात, कुणी विचारलं नाही. सगळ्यांना माहीत होतं आणि सगळे एकमेकांना अपघातच सांगत होते.

ती परत आली ती कुबड्यांवर. मी भेटायला गेले. काय बोलावं याचा विचार करत दारात उभी होते, तर आतून आवाज आला, "बाई, तुमच्याकडं मोठा खिळा हाय का?"

उजव्या कुबडीच्या टोकाला तिला आकडा ठोकून घ्यायचा होता. लोहारानं ठोकून दिला. पुढच्या लसीकरणात ती बाभळीला टेकून उभी राहायची आणि कळप समोरून गेला की कुबडी पुढं टाकून हवी ती मेंढी ओढून घ्यायची. माझा शिपाई दोन पायांवर दिवसभरात जेवढ्या पकडायचा, तेवढ्या ती जेवणापूर्वी पकडायची. तिनं त्याला तोंडावर सांगितलं, "तुमी एक पाय कापून बघा, फरक पडतो."

तेव्हा हिंगोली जिल्हा वेगळा होऊन दोन-तीन वर्षं झाली होती आणि नव्या जिल्ह्याला नव्या योजनांचा उत्साह होता. त्यातली एक म्हणजे सुधारित जातीचा मेंढा. सरकारी फार्मवरून पैदाशीचा एक मेंढा गावातल्या मेंढपाळाला द्यायचा, त्याच्यापासून होणाऱ्या कोकरांची जन्माच्या दिवशी वजनं घ्यायची आणि अहवाल पाठवायचा. आमच्या वाट्याला आलेला मेंढा टेम्पोतून उतरला तो उंचापुरा, पांढराशुभ्र, कानात पितळी बिल्ला. खाली पाऊल ठेवलं आणि बसला. फार्मवर आयतं खाऊन त्याला चालायची सवयच नव्हती. आमचं कुत्रं नुसतं जांभई देत उठलं, तर हा टेम्पोत परत चढायला बघू लागला.

मेंढपाळ हसून हसून लोळले. कुणीही घ्यायला तयार होईना. आबा म्हणाला, "बाई, ह्याला कचेरीतच ठेवा. सही करायला येत आसंल."

"म्या घेते," कौसा म्हणाली.

"कौसे, गप."

"काहून गप? माझ्या मेंढ्या हायेत ना?"

त्यांच्या घरात पोरीच्या नावानं लहानपणी एक पाट, म्हणजे मादी कोकरू, सोडायची पद्धत होती. तिची पिल्लं, पिल्लांची पिल्लं, सगळी पोरीची. लग्नात तिच्याबरोबर जातात. कौसाच्या अकरा झाल्या होत्या, डाव्या कानाला दोन खाचा असलेल्या. त्या तिच्याच, त्यामुळं आबाला बोलता येईना. मेंढ्याचं नाव तिनं कलेक्टर ठेवलं. आबाच्या कळपात त्याचा स्वतःचा काळ्या नावाचा मेंढा होता. ठेंगणा, रागीट, एक शिंग मोडलेला. आबा त्याच्याशी बायकोपेक्षा जास्त बोलायचा. आता बापलेकीचं रोज भांडण, कुणाची औलाद चांगली निघणार म्हणून. मेंढी पाच महिन्यांनी विते, त्यामुळं भांडणाला पाच महिने खुराक होता.

आषाढात कौसाला खोकला सुरू झाला. नांदेडला नेलं. फोटो काढला. डॉक्टरांनी तिला बाहेर बसवलं आणि आबाला आत सांगितलं. गाठ छातीत गेली होती. परत येताना आबानं तिला सांगितलं, "पावसाळ्याचा खोकला हाय. भिजू नको म्हणले."

आणि मग आबा सुटला. कुणी म्हणालं हट्ट्याकडं एक माणूस झाडपाला देतो, चला हट्ट्याला. कुणी म्हणालं कुरुंद्याला एकाची हातखंडा पुडी आहे, चला कुरुंद्याला. एक झाला की दुसरा, जीपमध्ये मागं पोत्यांवर टेकवून, खड्ड्याखड्ड्यातून. परत आली की ती दोन-दोन दिवस उठायची नाही. तिच्या मेंढ्या गाभण होत्या आणि ती जीपमध्ये होती. आता मुंबईचं चाललं होतं. आबाचा एक मेहुणा तिकडं गोदीत होता, तो म्हणाला होता, या घेऊन, बघू कुठंतरी.

त्या सुमारास एका दुपारी ती दवाखान्यात आली. मी लसीच्या बाटल्या बर्फाच्या डब्यात लावत होते, पाठ तिच्याकडं होती.

"बाई, मेंढीच्या पायाला गाठ आली, पाय कापला, आन मंग गाठ छातीत गेली, तर तुमी काय करता?"

बाटल्या मोजण्यात माझं लक्ष. मी सरळ सांगून टाकलं, "काही करत नाही. उगाच गावोगाव हिंडवायचं नाही, त्यानं हालच होतात. सावलीत ठेवायची, चांगला चारा द्यायचा, आपल्या कळपात राहू द्यायची."

आणि मग मला कळलं मी काय बोलले. मेंढीचा पाय कधी कुणी कापतं का?

वळून बघितलं. ती बाकावर बसून शांतपणे आकड्याचं टोक फरशीवर घासत होती. चेहऱ्यावर चोरी पकडल्याचा आनंद होता. चोरी अर्थात माझी.

"बराबर," ती म्हणाली. "डॉक्टर बोलून न्हाई राहिला, आबा बोलून न्हाई राहिला. म्हटलं ढोराच्या बाईला इचारावं, ती खोटं बोलायला इसरंल."

मी म्हणाले, "कौसा, मी मेंढीचं बोलत होते."

"मंग आबाला बी मेंढीचंच सांगा."

मी आबाला सांगितलं नाही. माणसांचं माझ्याकडं नव्हतं, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला धीर झाला नाही. शिंगं उगारून येणाऱ्या वळूपुढं मी उभी राहिलेली आहे, पण त्या माणसापुढं उभं राहवलं नाही. याचा पश्चात्ताप मला आहे, आणि तो लिहून टाकण्याइतका आहे, त्याहून जास्त लांबवत नाही.

शेवटी तिनंच सांगितलं. दुसऱ्या दिवशी आबा दवाखान्यात तणतणत आला. मागून कौसा, मागून तिची माय.

"बाई, पोरीला काय भलतंसलतं सांगितलं?"

"मेंढीचं सांगितलं," मी म्हणाले.

"आबा, त्यांना कशाला धरता," कौसा म्हणाली. तिला धाप लागली होती, थांबून थांबून बोलत होती. "आपण पैज लावू. माझ्या मेंढ्या कार्तिकात वितेत. कलेक्टरचं पहिलं नर पिल्लू आन काळ्याचं पहिलं नर पिल्लू, जन्माच्या दिवशी काट्यावर तोलायचं. कलेक्टरचं जड निघालं तर म्या कुठंच जाणार न्हाई. ना मुंबई, ना पुडीवाला. घरीच ऱ्हाणार. काळ्याचं जड निघालं तर म्हणताल तिथं येते, चकार शब्द न्हाई."

"आन तवर?"

"तवर घरीच. पैज चालू असताना मेंढ्यांवर नजर कोण ठेवील, तुमी? पिल्लं बदलताल तुमी."

आबाच्या काळ्यावर शंका म्हणजे आबावर शंका. तो इतका चिडला की हो म्हणून बसला. तोलायचं काम माझ्याकडं आलं, कारण काटा सरकारी होता. ती निघताना तिच्या मायनं माझ्याकडं बघितलं. पोरीनं तीन महिने घर मिळवलं, हे तिला कळलं होतं. आबाला कळायला गावाच्या वेशीपर्यंत वेळ लागला असेल.

आता मला एक कबूल करावं लागतं. मी त्या तीन महिन्यांत कलेक्टरच्या मेंढ्यांना सरकारी खनिज मिश्रण जरा जास्त चारलं. शिपायालाही माहीत होतं. त्याची माय एका गाभण मेंढीसाठी नवस बोलली होती असं तो मला म्हणाला. "कुणाच्या मेंढीसाठी?" "कलेक्टरच्या, बाई." सगळं गाव गुपचूप एका आळशी मेंढ्याच्या बाजूला झालं होतं.

कार्तिकात एका सकाळी निरोप आला. दोन्ही झाली होती, काळ्याचं पहाटे आणि कलेक्टरचं उजाडल्यावर. मी ताणकाटा घेऊन गेले. वर कडी, खाली आकडा, मध्ये घड्याळासारखा काटा. बाभळीच्या फांदीला तो अडकवला आणि आकड्याला फडक्याची झोळी बांधली. कौसा बाजेवर होती, उशाला दोन घोंगड्या, कारण तिला आडवं पडलं की श्वास घेता येत नव्हता. अंगावर हाडं तेवढी राहिली होती, पण नजर काट्यावरून हलत नव्हती. दहा-बारा मेंढपाळ जमले होते.

आधी कलेक्टरचं कोकरू. पांढरं, लांब पायांचं, देखणं. काटा पावणेतीन किलोच्या किंचित अलीकडं थांबला. मी मोठ्यानं सांगितलं, "दोन किलो सातशे."

मग काळ्याचं. काळं, ठेंगणं, डोकं दगडासारखं. नुसतं बघूनच मला कळलं, हे जड भरणार. आबानं ते स्वतः झोळीत ठेवलं. काटा थरथरला आणि थांबला. दोन किलो चारशे.

मी बघितलं. आबाचा तळहात झोळीखाली होता. मेंढपाळ लोक काटा मानत नाहीत. कोकराच्या पोटाखाली हात घालून उचलतात आणि वजन सांगतात, बहुतेक वेळा बरोबर सांगतात. त्यामुळं हात तिथं असण्यात कुणाला काही वावगं दिसलं नाही. पण आबा तोलत नव्हता. तो उचलून धरत होता. जन्मभर ज्या काळ्याची फुशारकी मारली, त्याच्या पोराला तो सहाशे ग्रॅमनं हलकं करत होता. त्याची नजर समोर माळावर होती आणि मनगटाची शीर ताठ झाली होती.

मी वही काढली आणि म्हणाले, "दोन किलो चा..."

"आबा," कौसा म्हणाली, "हात काढा."

"आमी असंच तोलतो वं."

"तोलताव तर काटा काहून आणला? काढा हात."

आबानं हात काढला. काटा खाली गेला आणि तीन किलोवर जाऊन बसला.

ती माझ्याकडं वळली. "आन बाई, तुमाला दिसलं न्हाई?"

"दिसलं," मी म्हणाले.

"मंग?"

"मग काही नाही."

"सरकारी माणूस," ती म्हणाली आणि हसायला लागली, आणि हसण्याचा खोकला झाला. मायनं पाठ चोळली. खोकला थांबल्यावर तिनं दोन्ही हात बाजेवर टेकले. "हारले म्या. कवा निघायचं सांगा मुंबईला."

आबा झोळीतलं कोकरू काढून त्याच्या आईजवळ सोडत होता. पाठमोराच बोलला, "पैज कोण जिंकलं?"

"तुमी."

"म्या म्हणन तसं करशील?"

"शबूद दिलाय."

"मंग कुठं जायचं न्हाई. घरीच ऱ्हायचं."

"ही लबाडी हाय, आबा."

"व्हय," आबा म्हणाला. "हाय."

त्यानंतर जीप आली नाही. पुडीवाल्याचं नाव निघालं नाही. आबानं बाज अशा जागी हलवली जिथून कळप जाताना आणि येताना दिसेल. ती तिथून हुकूम सोडायची. कुठल्या मेंढीला दूध कमी आहे, कुठली लंगडतेय, कुठलं पिल्लू दुसऱ्याच्या आईला लुचतंय. अहवाल लिहायला मी तिच्याकडंच गेले, कारण पैज तिची आणि मेंढ्या तिच्या. छापील तक्त्यात शेवटी शेऱ्याचा रकाना असतो. तिथं आम्ही सगळेजण 'समाधानकारक' लिहायचो. इतकी वर्षं लिहून माझा हात आपोआप तिकडं वळायचा.

"समाधानकारक म्हणजी काय?" तिनं विचारलं.

"म्हणजे बरं."

"बरं कुठं हाय? लिवा. पिल्लं बारीक. नर आळशी. कुत्र्याला भितो." मग म्हणाली, "स्वभाव गरीब हाय, ते बी लिवा."

मी शब्द न शब्द लिहिलं. साऱ्या नोकरीत मी पाठवलेला तो एकमेव खरा शेरा.

तीन आठवड्यांनी ती गेली. सकाळी मेंढ्या रानात निघाल्यावर. आबा अर्ध्या वाटेवरून परत आला. कळप त्याच्या मागोमाग आपोआप वळून आला, कलेक्टरसुद्धा, एवढं अंतर तो पहिल्यांदाच न बसता चालला. तिच्या अकरा मेंढ्या आणि त्यांची पिल्लं आबानं तिच्याच नावानं ठेवली. डाव्या कानाच्या दोन खाचा त्या घरात अजून पाडतात, असं मी ऐकते.

पुढच्या महिन्यात हिंगोलीला बैठक होती. लांब टेबल, प्रत्येकापुढं चहा आणि दोन बिस्किटं. योजनेचे तक्ते वाचायला सुरुवात झाली. एकेका गावाची वजनं चांगली, शेरे समाधानकारक. माझा तक्ता हातात आल्यावर साहेब थांबले. चष्मा वर केला, पुन्हा खाली केला.

"हे काय आहे? कुत्र्याला भितो?"

"भितो, साहेब."

टेबलाभोवती हसू पसरलं. साहेबही हसले असते, पण हसले नाहीत.

"सगळीकडं कोकरं जड निघाली आणि तुमच्याकडंच हलकी? गावठी मेंढ्यापेक्षा तीनशे ग्रॅम कमी? वजन कुणी घेतलं?"

"मीच घेतलं. पण तपासून घेतलं ते मेंढ्यांच्या मालकिणीनं. कौसल्या म्हणून आहे. तिच्यासमोर इकडचं तिकडं करता येत नाही."

"असं?" साहेब म्हणाले. "मग पुढच्या बैठकीला तिला इथं घेऊन या. आमच्यासमोर सांगू दे."

मी चहाचा कप बशीत ठेवला.

"तिला आता कुठंच न्यायचं नाही, साहेब," मी म्हणाले. "तसं ठरलंय तिच्या घरी."